सुट्टीचा प्रवास आणि झाडाआडचा डबा : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात परदेशी राहणाऱ्या किंवा परदेशी मुलांकडे जाण्याची तयारी करणाऱ्या वाचकांची चार पत्रे योगायोगाने एकाच विषयावर आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबाने गाडीने करायचा लांबचा प्रवास आणि त्या प्रवासात जिओकॅशिंग या लपवलेले डबे शोधण्याच्या खेळाला द्यायची जागा, हा तो विषय. मी स्वतः पती आणि दोन मुलांसह अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात नऊ वर्षे राहिले. या खेळाचा जन्म त्याच राज्यात झाला आणि चारही पत्रांचा संबंध अमेरिकेच्या त्याच वायव्य कोपऱ्याशी आहे, म्हणून उत्तरेही तिथल्या रस्त्यांना आणि तिथल्या निसर्गाला धरून दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याहून ऑरेगनमधील बीव्हर्टन येथे राहायला आलो. मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा आठ वर्षांचा आहे. जुलैमध्ये नऊ दिवसांची सुट्टी काढून गाडीने समुद्रकिनारा आणि क्रेटर लेक पाहण्याचा आमचा बेत आहे. गेल्या वर्षीच्या प्रवासात दोन्ही मुले मागच्या सीटवर मोबाइलमध्ये डोके घालून बसली होती आणि बाहेर काय गेले हे त्यांना कळलेच नाही. यजमानांच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने जिओकॅशिंग करून पाहा असे सुचवले. हा नेमका काय प्रकार आहे? त्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागते का? आणि परक्या देशात झाडाझुडपांत काहीतरी शोधत फिरणे सुरक्षित आहे का?

उत्तर : कोणीतरी लपवून ठेवलेला डबा त्याच्या अक्षांश-रेखांशावरून शोधून काढायचा, आतल्या वहीत आपले नाव आणि तारीख लिहायची, आणि डबा जसा होता तसा त्याच जागी परत ठेवायचा, एवढाच हा खेळ आहे. डब्याला कॅश म्हणतात आणि वहीला लॉगबुक. मोठ्या डब्यांत मुलांसाठी छोट्या वस्तू असतात. त्यातली एक घेतली, तर तेवढ्याच किंवा त्याहून अधिक मोलाची दुसरी ठेवावी लागते. जगातल्या १९० हून अधिक देशांत मिळून असे तीस लाखांपेक्षा जास्त डबे आज लपवलेले आहेत.

खेळाची सुरुवात आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर झाली, ही गोष्ट मुलांना प्रवासाच्या आधी जरूर सांगावी. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे आणि त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातले यंत्र शंभर मीटरपर्यंत फसत असे. १ मेच्या मध्यरात्रीपासून ही चूक मिसळणे बंद झाले. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या रस्त्याच्या कडेला एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली. तिच्यात पुस्तके, व्हिडिओ, संगणकाची सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक बेचकी आणि बीन्सचा एक हवाबंद डबा होता. जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवर कळवले आणि तीन दिवसांच्या आत दोघांनी ती बादली शोधून काढली. आज त्या जागी स्मृतिफलक आहे. माझे आपल्याला असे सुचवणे आहे की, प्रवासाचा पहिला थांबा समुद्रावर न ठेवता या फलकापाशी ठेवावा. वाट थोडी वाकडी होईल, परंतु आपण कशात सहभागी होत आहोत हे मुलांना तिथे उभे राहून जितके कळेल तितके घरी सांगून कळणार नाही.

वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही. मोबाइलवरचे अॅप पुरेसे आहे आणि मोफत खात्यावर सोपे डबे दिसतात. प्रत्येक डब्याला शोधण्याची कठीणता आणि वाटेची कठीणता असे दोन वेगळे आकडे दिलेले असतात. दोन्ही एक ते पाच या मापात, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने वाढतात. पहिल्या प्रवासासाठी दोन्ही आकडे दोनपेक्षा कमी असलेलेच डबे निवडावेत. आकारही पाहून घ्यावा, कारण शंभर मिलिलिटरपेक्षा लहान डब्यात कागदाच्या गुंडाळीशिवाय काहीच मावत नाही आणि आठ वर्षांच्या मुलाचा त्यात हिरमोड होतो. त्याच्यासाठी एक लिटर किंवा त्याहून मोठे डबे शोधावेत. किनाऱ्याच्या डोंगराळ भागात मोबाइलचा सिग्नल वारंवार जातो, म्हणून डब्याचे आकडे, वर्णन आणि दिलेली खूण आदल्या रात्री वहीत उतरवून घ्यावी. वहीत उतरवण्याचे हे काम मुलीकडे द्यावे. उद्याचा रस्ता कोणता, कुठे थांबायचे आणि का, हे तेरा वर्षांच्या मुलीने ठरवले आणि मोठ्यांनी ते मुकाट्याने मानले, की गाडीतल्या माणसांचे एकमेकांशी नातेच बदलते. हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. माझी मुलगी त्याच वयाची असताना पहिल्यांदा तिच्या शब्दावर आम्ही हमरस्ता सोडून एका लाकडी आच्छादित पुलाकडे वळलो, आणि त्या दिवसानंतर ‘अजून किती वेळ?’ हा प्रश्न ती विचारेनाशी झाली, कारण उत्तर तिच्याच वहीत होते.

दिवसाला तीन डबे ही मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी. आमच्या पहिल्या प्रवासात आम्ही दिवसाला बारा डब्यांची यादी केली होती. तिसऱ्या दिवशी धाकट्याने गाडीतून उतरायला नकार दिला, आणि तो रास्त होता, कारण बारा ठिकाणी उतरूनही आम्ही एकही ठिकाण धड पाहिले नव्हते. साधारण दीड तासाच्या प्रवासानंतर एक थांबा असला की पाय मोकळे होतात, खाणे होते, डबा सापडतो आणि शोधता शोधता आजूबाजूचे झाड, दगड, पाटी यांच्याकडे आपोआप नीट पाहिले जाते.

शोधण्याची रीतही थोडक्यात सांगते. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल सुमारे पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, परंतु डग्लस फरच्या उंच झाडांखाली किंवा दरीत तो वीस-वीस मीटर भटकतो. म्हणून अंतर आठ-दहा मीटरवर आले की मोबाइल खिशात ठेवावा आणि ‘मला इथे काही लपवायचे असते तर मी कुठे लपवले असते?’ असे मुलांना विचारावे. पडलेल्या ओंडक्याची पोकळी, कुंपणाच्या खांबाची टोपी, मुळांच्या बेचक्यात कोणीतरी जरा जास्तच नीटनेटक्या रचलेल्या काटक्या, या जागा मोठ्यांच्या आधी मुलांनाच दिसतात. जागेच्या मालकाच्या परवानगीवाचून डबा जमिनीत पुरण्यास नियमाने मनाई आहे, त्यामुळे उकरण्याची वेळ सहसा येत नाही. पेन मात्र स्वतःचे न्यावे. आणि डब्यात खाण्याची वस्तू कधीही ठेवू नये, कारण वासाने प्राणी येतात आणि डबा फोडतात. पहिल्या बादलीत बीन्स होत्या हे खरे, पण त्यानंतर खेळ पुष्कळ शिकला आहे.

आता आपल्या मार्गाविषयी. ऑरेगनचा किनारा ३६३ मैलांचा आहे आणि १९६७ च्या कायद्याने तिथली सारी पुळण जनतेसाठी खुली आहे. कोणा हॉटेलला किंवा बंगल्याला ती अडवता येत नाही. १०१ क्रमांकाचा महामार्ग जवळजवळ सतत समुद्राच्या सोबतीने जातो. कॅनन बीचचा २३५ फूट उंचीचा हेस्टॅक रॉक आपण पाहालच, परंतु माझा आग्रह न्यूपोर्टजवळच्या याक्विना हेड या भूशिरासाठी आहे. तिथे १८७३ पासून उभा असलेला ९३ फुटांचा दीपस्तंभ आहे, ऑरेगनमधला सर्वांत उंच, आणि त्याच्या पायथ्याशी वाळूऐवजी गोट्यांचा किनारा आहे. काळे, गुळगुळीत, वाटोळे गोटे. लाट मागे सरकते तेव्हा ते सारे एकमेकांवर घरंगळतात आणि पायांखालून खळखळ असा जो आवाज उठतो तो मुलांना तिथून हलू देत नाही.

तो काळा दगड मुलांना ओळखीचा वाटेल, आणि तो खरोखरच ओळखीचा आहे. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या पूर्व भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला आणि कोलंबिया नदीच्या तेव्हाच्या खोऱ्यातून थेट समुद्रापर्यंत पोचला. याक्विना हेड आणि हेस्टॅक रॉक हे त्याच लाव्ह्याचे अवशेष आहेत. आपला सह्याद्रीही असाच भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. तो पुष्कळ जुना आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सिंहगडाचा कडा, वेरूळची लेणी ज्यात कोरली तो कातळ आणि हा किनाऱ्यावरचा गोटा एकाच जातीचे, बेसॉल्टचे आहेत. पोर्टलंडजवळच्या ६२० फुटांच्या मल्टनोमा धबधब्यामागे लाव्ह्याचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. ते पाहून माझ्या मुलाने ‘हा तर माळशेजच!’ असे म्हटले होते आणि भूशास्त्राच्या दृष्टीने त्याचे बोलणे चुकीचे नव्हते.

या खेळात अर्थकॅश नावाचा एक प्रकार आहे, तो अशाच जागांसाठी आहे. त्यात डबा नसतो. जागेवर जाऊन दगडाचे, थराचे किंवा झऱ्याचे निरीक्षण करायचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे अर्थकॅश रचणाऱ्याला पाठवायची. पहिला अर्थकॅश २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात रचला गेला. क्रेटर लेकला आपल्याला याच प्रकाराचा आधार घ्यावा लागेल, कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीवाचून डबा ठेवणे नियमाने वर्ज्य आहे. मला हा नियम योग्य वाटतो. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा नावाचा ज्वालामुखी पर्वत उद्रेकानंतर स्वतःच्याच पोटात कोसळला आणि त्या खळग्यात पावसाचे व बर्फाचे पाणी साठून १,९४३ फूट खोलीचे हे तळे तयार झाले. तिथल्या मूळ रहिवासी क्लामथ लोकांच्या परंपरागत कथांत त्या उद्रेकाची स्मृती आजही टिकून आहे. इथे शोधायला डबा नाही म्हणून मुलांची निराशा होईल अशी भीती बाळगू नये. तळ्याभोवतीचा रस्ता मात्र बर्फामुळे अनेकदा जुलै उजाडेपर्यंत पूर्ण उघडत नाही, तेव्हा क्रेटर लेक प्रवासाच्या शेवटच्या दिवसांत ठेवावे.

सुरक्षिततेचा प्रश्न आपण विचारला हे बरे केले. या किनाऱ्यावरचा खरा धोका समुद्राचा आहे. बराच वेळ शांत असलेल्या पाण्यातून अचानक एखादी लाट नेहमीपेक्षा पुष्कळ वर येते आणि पाणी थंडगार असते. त्यामुळे डबा शोधताना समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये, आणि पुळणीवर वाहून आलेल्या मोठ्या ओंडक्यांवर मुलांना चढू देऊ नये, कारण घोटाभर पाण्यातही ओंडका उलटतो. विलामेट खोऱ्यात आणि कोलंबिया नदीच्या दरीत पॉयझन ओक नावाचे झुडूप असते. तीन-तीन पानांचा गुच्छ ही त्याची खूण. ते आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातले आहे, आणि बिब्बा उतल्यावर कातडीचे जे होते तसेच याच्या स्पर्शाने होते. लांब बाह्यांचे कपडे घालावेत, शंका आल्यास लगेच साबणाने धुवावे, आणि जिथे नजर पोचत नाही अशा फटीत हात न घालता आधी काठी घालावी. संध्याकाळी मुलांच्या पायांवर गोचीड नाही ना, हेही पाहावे.

दुसरी काळजी माणसांची आहे, आणि ती आपण शब्दांत लिहिली नसली तरी पत्रात जाणवते. परक्या देशात, वेगळ्या वर्णाचे लोक एखाद्या खांबापाशी वाकून काहीतरी चाचपत आहेत, हे दृश्य बघणाऱ्याला खटकू शकते. एकदा एका दुकानाच्या वाहनतळावर, दिव्याच्या खांबाच्या तळाशी असलेल्या पत्र्याच्या आवरणाखाली लपवलेला डबा आम्ही काढत होतो. तेवढ्यात सुरक्षारक्षक आला. आम्ही घाबरून डबा तिथेच टाकून गाडीत बसलो आणि त्यामुळेच त्याचा संशय वाढला. त्याने गाडीचा क्रमांक लिहून घेतला आणि मुले रात्रभर अस्वस्थ राहिली. त्यानंतर आम्ही एक नियम केला आणि तो आपणही करावा. वाहनतळ, शाळांचा परिसर, विजेच्या पेट्या आणि पूल यांच्याजवळचे डबे सरळ सोडून द्यावेत आणि उद्याने, पायवाटा, सार्वजनिक पुळणी यांच्याजवळचे घ्यावेत. कोणी विचारले तर थांबून, हात दिसतील असे ठेवून, ‘आम्ही जिओकॅशिंग करतो आहोत’ असे सांगावे आणि मोबाइलवरचा नकाशा दाखवावा. त्या भागात हा खेळ बहुतेकांना ठाऊक असतो. आमच्या पुढच्या सर्व प्रवासांत अशा उत्तराने समोरचा माणूस निवळलाच, आणि दोन वेळा तर तोच आमच्याबरोबर शोधू लागला.

प्रश्न : मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर साखळी आणि प्लेन टेबल घेऊन नाशिक जिल्ह्यातील शेतांच्या हद्दी मोजल्या. येत्या जूनमध्ये आम्ही उभयता मुलाकडे पोर्टलंडला सहा महिन्यांसाठी जात आहोत. नातवंडांना या डबे शोधण्याचे वेड आहे आणि प्रवासात आम्हालाही सोबत नेण्याचा सूनबाईंचा आग्रह आहे. पत्नीचे गुडघे दुखतात. आमच्यामुळे मुलांचा वेग कमी होईल का? आणि डब्याच्या आकड्यांत मिनिटांपुढे तीन दशांश स्थळे असतात, ती जमिनीवर किती अंतर दाखवतात?

उत्तर : आपल्या पत्राचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्यातच पहिल्याचे उत्तर आहे. बीव्हरक्रीकच्या त्या पहिल्या डब्याची जागा उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे आणि पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे अशी लिहितात. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर, म्हणून शेवटच्या दशांश स्थळातला एकचा फरक म्हणजे सुमारे १.८५ मीटर. रेखांशाचे तसे नाही, हे आपण जाणताच. ध्रुवाकडे जाताना रेखावृत्ते जवळ येत जातात. नाशिकच्या वीस अंशांवर तोच एकचा फरक सुमारे १.७४ मीटरचा असतो, तर ऑरेगनमध्ये पंचेचाळीस अंशांवर तो जेमतेम १.३१ मीटर उरतो. ही गोष्ट नातवंडांना पुस्तकातून कळत नाही आणि अॅप ती सांगत नाही. आपण ती सांगू शकता. विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या बरोबर मध्यावरचे ४५ अंशांचे अक्षवृत्त याच राज्यातून जाते. सेलमजवळ महामार्गावर त्याची पाटी आहे आणि किनाऱ्यावर ते लिंकन सिटीजवळून जाते. तिथे गाडी थांबवून, पावलांनी अंतर मोजत, मोबाइलवरचा शेवटचा आकडा कधी बदलतो हे मुलांसोबत पाहावे. उत्तरेकडे चालताना किती पावले लागतात आणि पूर्वेकडे चालताना किती, याचा फरक त्यांना स्वतःच्या पायांनी कळेल.

प्रवासात आणखी एका गोष्टीवर आपली नजर पडेल. अमेरिकी सर्वेक्षण खात्याने डोंगरमाथ्यांवर, भूशिरांवर आणि पुलांच्या कठड्यांवर पितळी चकत्या बसवलेल्या आहेत. बऱ्याच जुन्या चकत्यांवर, ही खूण हलवणाऱ्यास २५० डॉलर दंड, अशी सूचना कोरलेली असते. हद्दीचा दगड रात्रीतून सरकवणाऱ्यांशी ज्यांनी नोकरीभर सामना केला, त्यांना ती सूचना वाचून काय वाटेल याची मी कल्पना करू शकते. नातवंडांना ती चकती दाखवून आपल्याकडचे अनुभव जरूर सांगावेत.

पत्नीच्या गुडघ्यांसाठी, वाटेची कठीणता एक असलेले डबे निवडायला सूनबाईंना सांगावे. एक याचा अर्थ चाकाच्या खुर्चीनेही तिथे पोचता येते. असे डबे बाकांजवळ, दृश्य पाहण्याच्या सज्ज्यांपाशी आणि महामार्गावरच्या रेस्ट एरियात असतात, आणि रेस्ट एरियात स्वच्छतागृहाची सोयही असते. वयाने ज्येष्ठ मंडळींना लांबच्या प्रवासात तिची चिंता सर्वांत जास्त असते, ते संकोचाने कोणी लिहीत नाही. वेग कमी होईल, हे खरे आहे. परंतु आमच्या घरात सर्वांत चांगले प्रवास सासूबाई सोबत असतानाचे झाले, कारण त्या गाडीपाशी बसून राहत आणि मुले डबा शोधून थेट त्यांच्याकडे आणत. वहीत नाव लिहिण्याचा मान त्यांचा. त्या नाव, गाव, तिथी आणि वार सारे देवनागरीत लिहीत. काही महिन्यांनी एका डब्याच्या मालकाने, वहीत अनोळखी पण फार सुंदर लिपीत कोणीतरी लिहिले आहे, ते काय आहे हे कोणी सांगेल का, असे विचारले होते. उत्तर धाकट्याने पाठवले. आपणही जुन्या दप्तरातली मोडी वाचत आला असाल तर एखाद्या वहीत मोडीत सही करावी. ती वही पुढची कित्येक वर्षे त्या रानात राहणार आहे.

प्रश्न : सिएटलजवळ राहतो. पंधरा वर्षांच्या मुलाला फक्त संख्येत रस आहे. एकाच रस्त्यावर शंभर-शंभर डबे ओळीने ठेवलेले असतात, तिथेच सुट्टी घालवू म्हणतो. काय करावे?

उत्तर : एक दिवस त्याच्या म्हणण्याप्रमाणे करावा. नियमाने दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर असावे लागते, त्यामुळे शंभर डबे म्हणजे सोळा किलोमीटरभर सारखे गाडीतून उतरणे आणि पुन्हा चढणे आहे, आणि त्या दिवसाअखेरीस तो काय म्हणतो ते ऐकावे. उरलेल्या दिवसांसाठी त्याला कोड्यांचे डबे द्यावेत. त्यांत नकाशावर दिसणारी जागा खोटी असते आणि सांकेतिक लिपी, गणित किंवा इतिहास यांतले कोडे सुटले तरच खरे आकडे मिळतात. पंधराव्या वर्षी मुलाला आई-वडिलांपेक्षा अवघड गोष्ट करता आली पाहिजे, आणि या कोड्यांत तो आपल्याला सहज मागे टाकेल. या खेळाचे मुख्यालय आपल्याजवळच्याच सिएटलमध्ये, फ्रीमाँट भागात आहे आणि तिथे पाहुण्यांसाठी स्वतंत्र डबा आहे. स्नोक्वाल्मीच्या जुन्या रेल्वे बोगद्याच्या परिसरातला एक प्रसिद्ध डबा आणि बीव्हरक्रीकचा फलक असे तीन मिळून एक त्रिकूट पूर्ण करण्यासाठी लोक जगभरातून येतात. संख्येपेक्षा त्याला हे अधिक पटेल असे मला वाटते.

प्रश्न : सात वर्षांनंतर आम्ही वॉशिंग्टन राज्यातील व्हँकुव्हर येथून कायमचे कोल्हापूरला परत जात आहोत. त्याआधी शेवटचा प्रवास पोर्टलंड आणि कोलंबिया नदीच्या दरीतून करणार आहोत. मुलींची इच्छा आहे की, जिथे त्या लहानाच्या मोठ्या झाल्या तिथल्या बागेत आपला एक डबा लपवून जावे. तसे करता येईल का? आणि कोल्हापूरला हा खेळ चालू ठेवता येईल का?

उत्तर : मुलींची इच्छा मला पूर्णपणे समजते, तरीही माझे उत्तर नाही असे आहे. डबा लपवणाऱ्याने तो सांभाळावा लागतो. वही भिजली तर बदलायची, झाकण फुटले तर नवे आणायचे, बागेच्या व्यवस्थापनाने हरकत घेतली तर उचलायचा. सुट्टीवर आलेल्यांनी किंवा निघून जाणाऱ्यांनी डबा ठेवून देणे नियमात बसत नाही, कारण वर्षाभरात त्याचा कचरा होतो. तिथेच राहणारे एखादे कुटुंब सांभाळण्याची जबाबदारी लेखी घेणार असेल आणि बागेची परवानगी मिळणार असेल तरच हा विचार करावा. शेजाऱ्यांना गळ घालून मात्र तसे करू नये.

त्याऐवजी मुलींनी ट्रॅव्हल बग सोडावा. ही धातूची एक लहान पट्टी असते. तिच्यावर एकमेव असा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो आणि तिला साखळीने एखादी छोटी वस्तू बांधता येते. ज्याला ती डब्यात मिळेल त्याने ती पुढच्या डब्यात न्यायची आणि क्रमांक नोंदवायचा. त्यामुळे ती कुठून कुठे गेली हे घरबसल्या नकाशावर दिसत राहते. पट्टीला एक उद्दिष्ट देता येते. मुलींनी ‘मला कोल्हापूरला पोचवा’ असे लिहावे. पट्ट्या पुष्कळदा हरवतात, कोणाच्या तरी खिशात किंवा खणात राहून जातात, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे मन तयार राहील. सोबत बांधायची वस्तू खूप जिव्हाळ्याची नको, आणि तीक्ष्ण किंवा फुटणारीही नको. आमच्या मुलांनी पितळेची लहान घंटी बांधली होती.

कोल्हापूरला खेळ चालू ठेवता येईल, पण भारतात डबे विरळ आहेत आणि शहरी भागात ते टिकणे अवघड जाते, कारण बेवारस डबा दिसला की पोलिसांना कळवावे हेच आपल्याकडे शिकवले जाते आणि ते योग्यही आहे. म्हणून कोल्हापूर परिसरात डब्यांपेक्षा अर्थकॅशकडे वळावे. पन्हाळ्याच्या बाजूला बेसॉल्टचे षटकोनी स्तंभ आहेत, मुंबईच्या अंधेरीत अशाच स्तंभांची गिल्बर्ट हिल ही टेकडी आहे, आणि ज्या मुलींनी कोलंबियाच्या दरीत असे स्तंभ पाहिले असतील त्यांना तिथे काय विचारायचे हे नेमके सुचेल. अर्थकॅशला सांभाळावी लागणारी वस्तूच नसते. सामान बांधताना एक खबरदारी घ्यावी. रानात सिग्नल नसताना उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे हातातले यंत्र आपण तिथे वापरत असाल, तर ते भारतात आणू नये. परवान्यावाचून अशी यंत्रे बाळगणे आपल्याकडे बेकायदा आहे आणि विमानतळावर ती अडवली जातात. मोबाइल पुरे.

ट्रॅव्हल बग विकत घेताना एकाच क्रमांकाच्या दोन पट्ट्या मिळतात. एक मुलींनी दरीतल्या एखाद्या मोठ्या, कोरड्या डब्यात ठेवावी आणि दुसरी सामानात घालून कोल्हापूरला न्यावी.